ज्याचा आवाज, त्याचं नाव

नेपरव्हिल, ९ नोव्हेंबर

प्रिय मैत्री,
जय भीम.

हे पत्र कागदावर लिहितो आहे, कारण कागद अडवायची सोय अजून तुमच्या मंडळाकडे नाही. फोन तू उचलत नाहीस, ई-मेलला उत्तर देत नाहीस, आणि जिथे मी तुला चारचौघांत विचारलं असतं त्या 'पाणवठ्या'वरून तुम्ही मला सहा महिन्यांसाठी बाहेर काढलं आहे.

पाणवठ्यावरून. बाहेर. मला. एकदा मोठ्यानं म्हणून बघ.

हा फोरम तू आणि मी तुझ्या मॉरिसव्हिलच्या डायनिंग टेबलावर सुरू केला. मराठीत चालणारं सॉफ्टवेअर ज्यानं लिहिलं त्यानं इथे ठेवावं, ज्याला हवं त्यानं फुकट न्यावं, मोडलं तर दुरुस्त करून परत ठेवावं. नाव मी दिलं. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांच्या नातवंडांनी बांधलेला हा पाणवठा आहे, इथे कुणी कुणाला अडवणार नाही, असं मी शिकागोच्या जयंतीत बोललो तेव्हा तू पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्यास. त्याच पाणवठ्यावर पहिला कोण अडवला गेला? तुझा मामा.

कारण काय, तर फ्रिस्कोच्या कादंबरी नावाच्या मुलीनं लहान मुलांसाठी पाढ्यांचा एक प्रोग्रॅम ठेवला आणि मी त्यावर दोन पानं लिहिली. हो, लिहिली. त्यात एक चांगला शब्द नव्हता हेही खरं. पण मैत्री, दोन पानं! ती लिहायला मी तिच्या कोडची ओळ न् ओळ वाचली. नागपूरला, इंदोऱ्याच्या अभ्यासवर्गात मी पहिला निबंध वाचला तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर त्याच्या चिंध्या केल्या आणि मग मला टपरीवर नेऊन चहा पाजला. तिथे ज्याला झोडपत, तो आपला. ज्याला 'छान आहे' म्हणत, त्याच्याकडून कुणाला काही अपेक्षाच नसे. मी त्या मुलीला आपलं मानलं. तिनं प्रोग्रॅम काढून घेतला आणि निघून गेली, यात माझा काय अपराध?

नोटीस वाचली. 'नवीन सदस्यांशी अवमानकारक भाषा, वारंवार सूचना देऊनही.' खाली: व्यवस्थापन मंडळ. कोण हे मंडळ? तू, शंतनू आणि इशिता. तीन हाडामांसाची माणसं. मग नाव का नाही? बंदीचं मला दुःख नाही. ज्या हातानं दार लावलं त्या हाताला चेहरा नाही, याचं आहे. आपल्या माणसांना आयुष्यभर अशाच हातांनी परत पाठवलं. साहेब नाहीत. वरून सांगितलंय. वर कोण, ते कधी कळलं नाही.

उत्तर दे. भांडायला तरी दे.

तुझा
लहूमामा


नेपरव्हिल, १४ डिसेंबर

प्रिय मैत्री,
जय भीम.

इथे बर्फ पडायला लागला. शेजारचा मनोहर न सांगता माझाही ड्राइव्ह-वे साफ करून जातो. पुण्याचा आहे, त्यामुळे उपकार करतो आणि वर ऐकवतो. काल म्हणाला, "काय हो, तुमची भाची येणार होती ना थँक्सगिव्हिंगला? मी आपला दोन गाड्यांची जागा करून ठेवली." मी म्हणालो, फ्लाइट कॅन्सल झाली. तो म्हणाला, अरेरे. मग आम्ही दोघं त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिलो.

रविवारी बुद्धवंदनेला गेलो होतो, राधाताईंच्या बेसमेंटमध्ये. वंदना झाल्यावर कुणीही उठून बोलावं, अध्यक्ष नाही, खुर्ची नाही, ही पद्धत तुला माहीत आहेच. दोनदा झालं, मी उठलो नाही. राधाताई जेवण वाढताना म्हणाल्या, "लहूभाऊ, तब्येत बरी आहे ना? आज आम्हांला कुणी रागावलंच नाही." सगळे हसले. मीही हसलो.

आता मुद्द्याचं. पाणवठ्यावर मला लिहिता येत नसलं तरी वाचता येतं, ते तुम्ही बंद केलेलं नाही. मी रोज ट्रेनमध्ये वाचतो. तुझं मॉडरेशन सुरू झालं आणि पाणवठा ओसाड पडला. पूर्वी सकाळी कुणी अर्धवट कीबोर्ड आणून टाकी, दुपारपर्यंत चौघं त्याच्यावर तुटून पडलेले असत, संध्याकाळी कीबोर्ड चालत असे. आता पोस्ट मंजुरीसाठी थांबते. ज्याच्या डोक्यात कल्पना पेटली आहे त्याला तुम्ही सांगता, थांब, तपासतो. तोवर तो विझतो. उत्साह हा नाशवंत माल आहे, मैत्री. पोस्टी निम्म्याहून कमी झाल्या, तूच तक्ता लावला आहेस. मी म्हणत होतो तेच झालं की नाही?

तुझं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते तू गेल्या वर्षी तुझ्या किचनमध्ये दिलं होतंस. मी म्हणालो होतो, पाणवठ्यावर पहारेकरी बसवायला तुला लाज वाटत नाही? आणि तू चहाकडे पाठ करून म्हणालीस, "मामा, पाणवठ्यावर पहारा नव्हता तेव्हा तिथे कोण उभं असायचं? ज्याची काठी मोठी तो. पहारा नसला म्हणून पाणी सगळ्यांचं होत नाही. आणि पोस्टी मोजू नका. पहिल्यांदा कोण आलं तेही मोजू नका. दुसऱ्यांदा कोण येतं ते बघा."

मी म्हणालो, मी काठी घेऊन उभा आहे का? मी सत्य सांगतो.

तू म्हणालीस, "तुम्ही सत्य सांगत नव्हता. तुम्ही भाषण करत होता."

चहा उतू गेला. गॅस मी बंद केला, तू नाही. एवढं मात्र लक्षात ठेव.

एक मागणी आहे, आणि ती मी सोडणार नाही. अडवायचं असेल तर अडवा, पण अडवणाऱ्यानं खाली आपलं नाव लिहावं आणि कारण लिहावं. बिननावाचं मंडळ ही हुकूमशाहीची पहिली पायरी आहे. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतो.

थंडी आहे. मोजे घाल.

लहूमामा


नेपरव्हिल, १९ जानेवारी

प्रिय मैत्री,
जय भीम.

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे. मी तुला माझ्या ओळखीच्या एका माणसाची हकिकत सांगतो.

हा माणूस विमा कंपनीत प्रोग्रॅमर आहे. त्याच्याकडे जुन्या कॅसेटचं एक खोकं होतं, जयंतीच्या गाण्यांचं, वस्तीतल्या मंडपात रेकॉर्ड केलेलं. खरखर एवढी की गाणं कोणतं आणि गर्दी कोणती ते कळू नये. त्यानं थंडीत रात्र-रात्र बसून एक प्रोग्रॅम लिहिला. तो खरखर काढतो, टाळ्या ओळखतो आणि गाणी वेगळी करतो. मग त्यानं 'नवखा' या नावानं पाणवठ्यावर खातं उघडलं आणि तो तिथे ठेवला.

पोस्ट अडकली. 'तपासणीत.' या माणसानं आयुष्यात हजारोंच्या सभेत भाषणं केली, पण त्या एका शब्दानंतर तो सारखा फोन उघडून बघायला लागला. ट्रेनमध्ये फोन, ऑफिसात फोन, दुकानात दुधाच्या रांगेत फोन. आपला कोड किती गचाळ आहे ते त्याला तेव्हा दिसायला लागलं. दोनदा त्यानं पोस्ट मागे घ्यायचं बटण शोधलं. तुमच्या थांबवण्याची ही किंमत आहे, मैत्री, ती तुमच्या तक्त्यात येत नाही. म्हणून म्हणतो, तपासा, पण लवकर तपासा.

मग उत्तर आलं. मंडळाकडून, म्हणजे तेच, बिननावाचं. पण मला ते पाठ झालं आहे, कारण त्या माणसानं मला ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. 'हे आमच्याकडे कुणीच केलं नव्हतं. एक अडचण आली: फाइलचं नाव मराठीत असलं की प्रोग्रॅम बंद पडतो. माझंही पहिल्या वेळी हेच झालं होतं. इथे असं करून बघा.' आणि खाली दुरुस्ती. बस.

मी असतो तर त्या चुकीवर दोन पानं लिहिली असती. मराठी सॉफ्टवेअर मराठी नावावर बंद पडतं, यापेक्षा मोठी शरम कोणती, इथपासून सुरुवात केली असती. तो माणूस परत आला असता का? मला विचारू नकोस. त्यानं त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली आणि गाण्याचा एक नमुना जोडून पुन्हा पाठवली. दुसऱ्यांदा आला, असं तुझ्या तक्त्यात लिहून घे.

'माझंही हेच झालं होतं' हे वाक्य मंडळाला लिहिता येत नाही. ते एका माणसानं लिहिलेलं आहे. तो माणूस त्या वाक्यात कुणाचा तरी आवाज शोधत बसतो. घरात एकटा असतो, वय झालं आहे, त्यामुळे असेल.

कादंबरी परत आलेली दिसली. पाढे पुन्हा ठेवले आहेत. माझ्या दुसऱ्या पानावरचा मुद्दा कुणीतरी तिला एका ओळीत सांगितला आणि तिनं तो बदल केला आहे. मुद्दा माझाच होता, एवढं मी म्हणणार.

लहूमामा


नेपरव्हिल, १६ फेब्रुवारी

प्रिय मैत्री,
जय भीम.

ओळखीचा माणूस वगैरे कुणी नाही. तुला ते आधीच कळलं असेल, पण मी लिहिलेलं बरं. नवखा मी आहे.

बंदी असताना दुसरं खातं उघडलं तर दोन्ही कायमची बंद, हा तुमचा नियम मला ठाऊक होता. तरी उघडलं. दारावर बसलेल्यांना फसवून आत जाणं हा आमचा जुना हक्क आहे, असं मी स्वतःला सांगितलं. चांगलं वाक्य होतं. खरं एवढंच की त्या दारावर तू होतीस, आणि दुसऱ्या कुठल्याही दारानं तू मला भेटत नव्हतीस. 'आपण दुरुस्ती फार सुबक केलीत,' असं तू नवख्याला लिहिलंस; खाली नाव नव्हतं, तरी वाक्य तुझंच. मला 'आपण' म्हणालीस. ते वाचून मी कोट न काढता सोफ्यावर बसून राहिलो.

आता कालचा तुझा प्रश्न. नमुन्याच्या शेवटी एक बाई विचारते, 'दादा, झालं का रेकॉर्ड?' तो आवाज कुणाचा, आणि तिची परवानगी आहे का?

हा प्रश्न तुम्ही प्रत्येकाला विचारता, कारण तो नियम मी लिहिला. ज्याचा आवाज, त्याचं नाव. आठवतं? तू म्हणत होतीस, मामा, एवढं कडक नको, लोक नमुने देणारच नाहीत. मी टेबलावर मूठ आपटली. आमच्या आयाबहिणींनी मंडपात गाणी म्हटली, ती दुसऱ्यांनी आपल्या नावावर छापली, गायली, विकली. नाव सांगता येत नसेल तर आवाज घ्यायचा नाही. व्यक्ती हयात नसेल तर वारसाची परवानगी. हे मी म्हणालो होतो. मुक्त पाणवठ्याचा पुरस्कर्ता मी, आणि त्याच्या दारावरची सगळ्यात पक्की कडी माझीच.

मैत्री, तो रेणूचा आवाज आहे. तुझ्या आईचा.

ती गेली तेव्हा तू व्हिसाच्या कागदांत अडकून इथेच राहिलीस, नागपूरला मी जाऊन आलो. तिच्या कपाटातलं खोकं मी उचलून आणलं. फक्त गाणी असतील, असं वाटलं. ऐकायला यंत्र नव्हतं, म्हणून बेसमेंटमध्ये पडून राहिलं. यंत्र मिळालं तेव्हा आपलं भांडण झालेलं होतं. खरखर काढायला लागलो आणि एका गाण्याच्या शेवटी ती निघाली. तेव्हा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, नवा आणला होता; माईकसमोर ती, बटणावर मी. कोरसमध्ये तीच सगळ्यांच्या वर चढलेली ऐकू येते. नमुना तोडताना तेवढं वाक्य मी कापू शकलो असतो. दोनदा कात्री लावली आणि दोनदा परत घेतली. राहू दिलं. तुला ऐकू जावं म्हणून राहू दिलं का? असेल.

तू तो आवाज ओळखला नसशील, हे मी मानत नाही. तरी विचारलंस, आणि तशाच शब्दांत, जशा कुणालाही विचारशील. आधी राग आला. मग वाटलं, ही माझ्याच हाताखाली शिकली.

तर आता माझ्यापुढे दोन वाटा. 'ओळखीची बाई, नाव आठवत नाही' असं लिहिलं तर नवखा वाचतो, आणि तुझी ती 'आपण'वाली चार ओळींची उत्तरं मला मिळत राहतात. किंवा नाव लिहायचं, आणि पाणवठा कायमचा बंद. दिवसभर विचार केला. राधाताईंचा धम्मदीप वंदनेनंतर म्हणाला, "काका, यू ओके? तुम्ही काहीच बोलत नाही यार." त्याला म्हटलं, एक फॉर्म भरायचा आहे.

भरला. आवाज कुणाचा: रेणू गजभिये. हयात: नाही. वारस: मुलगी, मैत्री. वारसाची परवानगी: अजून विचारलेली नाही, या अर्जानं विचारतो आहे. नमुना देणाऱ्याशी नातं: सख्खा भाऊ.

तिला बिननावाची ठेवणं मला जमलं नाही.

मॉडरेशनबद्दलचं माझं मत यानं बदललेलं नाही, हे स्पष्ट करतो. दाराची भीती मला अजून वाटते, आणि वाटली पाहिजे. आता जे करायचं ते कर. मामा आहे म्हणून सोडू नकोस. सोडलंस तर कादंबरीला काय सांगशील?

लहूमामा


नेपरव्हिल, २ मार्च

प्रिय मैत्री,
जय भीम.

निर्णय आला. मी तो ट्रेनमध्ये वाचला आणि माझं स्टेशन मागे गेलं.

नवखा कायमचा बंद. लहू मेश्राम, मूळ बंदीही आता कायमची. कारण: बंदीच्या काळात दुसरं खातं. प्रोग्रॅम राहील, कारण एकदा पाणवठ्यावर ठेवलेलं सगळ्यांचं होतं. आणि खाली, जिथे आजवर मंडळ असायचं तिथे: निर्णय घेणारी, मैत्री रेणू गजभिये.

मी बाकीचे निर्णयही उघडून पाहिले. शंतनूच्या खाली शंतनूचं नाव, इशिताच्या खाली इशिताचं, प्रत्येकासमोर कारण. डिसेंबरच्या पत्रात मी हेच मागितलं होतं. म्हणजे माझी पत्रं तू फेकून देत नव्हतीस. आईचं नाव मधे लावायला कधी सुरुवात केलीस, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही.

तक्रार नाही. मला ज्या हातानं बाहेर काढलं त्याला या वेळी चेहरा आहे, आणि तो चेहरा माझ्या बहिणीचा आहे.

मग नमुन्याचं पान उघडलं. आवाज: रेणू गजभिये, नागपूर. परवानगी: मुलीनं दिली. दिला कुणी, या जागी माझं नाव येऊ शकत नाही, बंदी घातलेल्याचं नाव निर्णयाखेरीज पाणवठ्यावर कुठे दिसत नाही. ती जागा रिकामी ठेवता आली असती. तू तिथे लिहिलं आहेस: तिचा भाऊ.

खाली कुणाकुणाचे आभार आहेत, कुणी आपल्या आजीची कॅसेट साफ केली ते सांगितलं आहे. त्यांना मला उत्तर देता येत नाही. देवांग नावाच्या कुणीतरी प्रोग्रॅमात एक चूक काढली आहे, आणि बरोबर काढली आहे. त्याला सांग, टाळ्या आणि पाऊस यातला फरक माझ्या कोडला कळत नाही, ते त्यानं करावं.

या पत्राबरोबर एक खोकं पाठवतो आहे, त्यात मूळ कॅसेट आणि यंत्र दोन्ही ठेवली आहेत. यंत्र जपून वापर, आता मिळत नाही. बाजू लावली की आधी बराच वेळ गर्दी आहे, कंटाळू नकोस. शेवटी ती विचारते, दादा, झालं का रेकॉर्ड. माझं उत्तर टेपवर नाही. मी तेव्हाच बटण बंद केलं होतं.

ऐकशील तेव्हा तिला माझ्या वतीनं सांग, झालं.

मामा